सोन्याचे कण नंतर, आधी लघवी: ओपिऑइड ओळखणाऱ्या ऑप्टिकल बायोसेन्सरबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीला लघवीतली ओपिऑइड औषधं (मॉर्फिनसारखी, अफूसारखा परिणाम करणारी) ओळखणारा ऑप्टिकल बायोसेन्सर, म्हणजे प्रकाशाने मोजणारं तपासणीचं साधन, प्रकल्पासाठी करायचा आहे. सोन्याचे नॅनोकण घ्यावेत की एसपीआर (सोन्याच्या पापुद्र्यावर प्रकाश टाकून मोजायची पद्धत), आणि जमलं तर पुढे तो इथल्या एखाद्या व्यसनमुक्ती केंद्रात लघवी तपासायच्या तयार पट्टीऐवजी वापरता येईल का, असं तिने विचारलं आहे.

मी बावीस वर्षं क्लिनिकल बायोकेमिस्ट्रीत काम करते आहे आणि त्यातली बहुतेक वर्षं सोलापुरातच गेली. आधी सरळ उत्तर देते. दोन्ही पद्धतींनी मॉर्फिन दिसतं. स्वच्छ पाण्यात, सामू स्थिर ठेवणाऱ्या बफरमध्ये, मोजून टाकलेलं मॉर्फिन ओळखणं हा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. अडतं ते लघवीपाशी. प्रकल्पांची परीक्षक म्हणून मी जे अहवाल वाचले, त्यांतल्या बहुतेकांत सेन्सरवर चाळीस पानं आणि लघवीवर अर्धं पान असतं. तुम्ही हे उलटं करा, एवढंच माझं म्हणणं आहे. बाकीचं सगळं त्यातूनच येतं.

आमच्याकडे दोन मुलं अशाच प्रकल्पासाठी आली होती. क्लोरोऑरिक आम्लाचं द्रावण उकळत ठेवलं, त्यात सायट्रेट टाकलं. आधी करडं, मग काळसर जांभळं आणि दहा मिनिटांत सांगोल्याच्या डाळिंबाच्या रसासारखं लालभडक. मुलं खूश. हा लाल रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा असतो, ते ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतात. कण एकमेकांना चिकटले की रंग निळसर होतो, आणि औषध असेल तेव्हाच कण चिकटावेत अशी त्यांची योजना होती. मी म्हटलं, औषध राहू दे, आधी नुसती लघवी टाकून बघा. त्यांनी एका निरोगी माणसाच्या ताज्या लघवीचे चार थेंब टाकले आणि बघता बघता कुपीतला लाल रंग जांभळाच्या सालीसारखा झाला. औषधाचा कणही नव्हता. त्या दिवशी त्यांचे चेहरे उतरले, पण तीन महिने वाचले.

कारण साधं आहे. सायट्रेट लावलेले कण एकमेकांपासून दूर राहतात ते ऋण भारामुळे. लघवीतलं मीठ तो भार झाकून टाकतं आणि कण गोळा होतात. म्हणजे तुमचा सेन्सर मॉर्फिन मोजत नसून त्या माणसाने काल किती लोणचं खाल्लं ते मोजतो. उपाय आहेत: कणांवर पॉलिइथिलीन ग्लायकॉल किंवा प्रथिनाचं आवरण चढवायचं, लघवी दहा-वीस पट पातळ करायची, किंवा आधी नको ते पदार्थ वेगळे करणाऱ्या छोट्या कॉलममधून काढून घ्यायची. पण दहा पट पातळ केली की तुमची किमान मोजमर्यादाही (सेन्सरला ओळखता येणारं सगळ्यात कमी प्रमाण) दहा पट खाली जायला हवी, हे विसरू नका.

आकडे एकदा डोळ्यांसमोर ठेवा. मॉर्फिनच्या पट्टीचा नेहमीचा कटऑफ, म्हणजे ज्याच्या वर पॉझिटिव्ह धरतात तो आकडा, ३०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. मॉर्फिनचं रेणुभारमान २८५, म्हणजे हे झालं साधारण १ मायक्रोमोल प्रति लिटर. त्याच लघवीत युरिया असतो ३०० मिलिमोलच्या घरात. तीन लाख पट! फेंटानिल या दुसऱ्या ओपिऑइडसाठी कटऑफ १ नॅनोग्रॅमपर्यंत खाली येतो, म्हणजे सुमारे ३ नॅनोमोल. वीस पट पातळ केलेल्या लघवीत तुम्हाला ०.०५ नॅनोग्रॅम शोधायचं आहे. शोधनिबंधांत मोजमर्यादा नॅनोमोलमध्ये देतात, आम्ही अहवाल नॅनोग्रॅममध्ये देतो, आणि मुलं दोन्हींची तुलना न करताच ‘अतिसंवेदनशील’ असं लिहून मोकळी होतात. प्रत्येक आकडा दोन्ही एककांत लिहा.

आता ज्या गोष्टीवर सगळ्यात कमी बोललं जातं, ती. प्रकल्पात मुलं निरोगी माणसाच्या लघवीत मॉर्फिन मिसळतात, मोजतात आणि ‘९८ टक्के मिळालं’ असं लिहितात. पण रुग्णाच्या शरीरातून लघवीत मॉर्फिन तसं येतच नाही. यकृत त्याला ग्लुक्युरोनिक आम्ल जोडतं. घेतलेल्या मात्रेतला मोठा भाग मॉर्फिन-३-ग्लुक्युरोनाइड म्हणून बाहेर पडतो, मोकळं मॉर्फिन साधारण १० टक्केच. हेरॉइन घेतलेल्याच्या लघवीत हेरॉइन शोधायला जाल तर हाती काहीच लागणार नाही. ते काही मिनिटांत ६-मोनोअसिटिलमॉर्फिन होतं आणि मग मॉर्फिन. हा मधला पदार्थ फक्त हेरॉइनपासूनच बनतो, म्हणून तो सापडला तर पुरावा पक्का, पण लघवीत तो एक दिवससुद्धा टिकत नाही. मॉर्फिन मात्र दोन-तीन दिवस सापडतं. इतर ओपिऑइडही शरीरात असेच बदलतात: फेंटानिलचं नॉरफेंटानिल होतं, मेथाडोनचं ईडीडीपी, ट्रॅमाडॉलचं ओ-डेसमिथाइल ट्रॅमाडॉल.

तेव्हा औषधाला पकडायला लावलेली तुमची अँटिबॉडी (प्रथिन) किंवा अ‍ॅप्टामर (डीएनएचा तुकडा) ग्लुक्युरोनाइडला ओळखतो का, हा पहिला प्रश्न. ओळखत नसेल तर बीटा-ग्लुक्युरोनिडेज विकर (एन्झाइम) घालून बंध तोडावा लागेल, आणि मग ‘पाच मिनिटांत निकाल’ हे वाक्य अहवालातून काढावं लागेल. मिसळलेल्या नमुन्यावर उत्तम चालणारा सेन्सर रुग्णाच्या नमुन्यावर दहातला एकच भाग बघतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मॉर्फिन हा रेणू फार छोटा आहे, आणि पट्टी काय किंवा एसपीआर काय, सगळ्यांची रचना या एका अडचणीभोवती फिरते. अँटिबॉडीचं रेणुभारमान दीड लाख, मॉर्फिनचं २८५. अशा रेणूला दोन अँटिबॉडी दोन बाजूंनी एकदम धरू शकत नाहीत, कारण धरायला तेवढी जागाच नसते. म्हणून इथे स्पर्धा लावतात. मी विद्यार्थ्यांना एसटीचं उदाहरण देते. सोन्याचा कण लावलेली अँटिबॉडी म्हणजे बस. लघवीतलं मॉर्फिन म्हणजे स्टँडवरच चढलेले प्रवासी. पट्टीवरच्या ‘टी’ रेषेवर मॉर्फिन-प्रथिन चिकटवून ठेवलेलं असतं, ते वाटेतल्या थांब्यावर उभे असलेले प्रवासी. बस स्टँडवरच भरली तर थांब्यावर थांबत नाही, रेषा उमटत नाही. रिकामी आली तर थांबते, रेषा उमटते. म्हणून औषध असेल तर रेषा नाही आणि औषध नसेल तर रेषा. ‘सी’ रेषा म्हणजे डेपो, तिथे प्रत्येक बस यायलाच हवी. ती आली नाही तर पट्टी फेकून द्या.

गर्भधारणेच्या पट्टीची सवय झालेल्या माणसाला हे उलटं वाटतं आणि त्यातून अन्याय होतो. एक टँकरचालक माझ्याकडे आला होता. त्याला एका खासगी आस्थापनाने पट्टी ‘पॉझिटिव्ह’ म्हणून कामावरून बंद केलं होतं. त्याच्या मोबाइलमध्ये पट्टीचा फोटो होता. मी फोन खिडकीकडे तिरका धरला, फोटो मोठा केला. ‘टी’च्या जागी फिकट गुलाबी, केसासारखी बारीक, पण सलग रेषा होती. फिकट रेषा म्हणजे निगेटिव्ह. पाकिटावर तसं छापलेलं असतं, पण वाचणाऱ्याने फिकट म्हणजे ‘थोडं आहे’ असं धरलं. शिवाय पट्टी पाच मिनिटांनी वाचायची असते आणि फोटो अर्ध्या तासानंतरचा होता. मी त्याच दिवशी नवा नमुना घेतला, तपासला, लेखी दिलं. त्याची नोकरी परत मिळाली, पण आठ दिवस बायकोला काय सांगायचं या चिंतेत तो झोपला नव्हता.

ऑप्टिकल बायोसेन्सरचा खरा उपयोग मला तिथे दिसतो. तीच पट्टी बंद डबीत ठेवून, ठरलेल्या हिरव्या दिव्याखाली, ठरलेल्या मिनिटाला कॅमेऱ्याने रेषेची घनता मोजली, ‘सी’ रेषेशी तिचं गुणोत्तर काढलं आणि वेळ-तारखेसह नोंद ठेवली, तर माणसाच्या डोळ्याचा आणि मनाचा दोष निघून जातो. हे काम झगमगीत नाही, शोधनिबंधाला भारी नावही मिळणार नाही. पण सोलापुरात एम.एस्सी.च्या एका वर्षात पूर्ण होण्यासारखं आणि खरोखर कुणाच्या तरी कामी येण्यासारखं आहे. मला विचाराल तर मी हाच प्रकल्प निवडेन.

एसपीआरबद्दल. काचेच्या प्रिझमवर ५० नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा पापुद्रा, खालून प्रकाश, आणि एका ठरावीक कोनावर परावर्तन एकदम कमी होतं. पृष्ठभागालगतचा अपवर्तनांक, म्हणजे तिथे प्रकाश किती वाकतो तो आकडा, बदलला की तो कोन सरकतो. १९८३ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी हे जैविक सेन्सरसाठी वापरलं आणि १९९० पासून तयार यंत्रं मिळू लागली. कल्पना सुंदर आहे. पण तुमच्या कॉलेजच्या किंवा कुठल्याही जुन्या लॅबच्या टेबलावर रिफ्रॅक्टोमीटर असतो ना, ज्यात लघवीचा थेंब टाकून आपण विशिष्ट गुरुत्व वाचतो? तो काय मोजतो? अपवर्तनांकच. म्हणजे लघवी घट्ट की पातळ, एवढ्यानेच एसपीआरचा कोन सरकतो. गुरुत्व १.००५ असलेला नमुना आणि १.०३० असलेला नमुना, दोन्हींत औषध शून्य असलं तरी यंत्राला ते वेगळे दिसतात. म्हणून बाजूला अँटिबॉडीला न पकडणारी दुसरी वाहिनी ठेवून तिचा आकडा वजा करावा लागतो, किंवा नमुना गेल्यावर बफरने धुऊन मगच वाचावं लागतं. इथेही मॉर्फिन-प्रथिन पृष्ठभागावर आणि अँटिबॉडी नमुन्यात, हीच उलटी रचना वापरतात, कारण २८५ वजनाचा रेणू बसल्याने कोन फारसा हलत नाही, दीड लाखाचा बसला की हलतो. यंत्र महाग आहे. आपल्याकडे मिळत असेल तर शिकायला जरूर वापरा, केंद्रात ठेवायचं स्वप्न सध्या बाजूला ठेवा.

फ्लुओरेसन्स, म्हणजे प्रकाश पडल्यावर रंगद्रव्याने स्वतः चमकणं, घेणार असाल तर एक प्रयोग घरीच करता येतो. आपल्याकडे ताप असो, अशक्तपणा असो, चिठ्ठीत बी-कॉम्प्लेक्स हमखास असतं. ती गोळी घेतल्यावर लघवी पिवळीधमक होते, ते रायबोफ्लेविन. अतिनील दिव्याखाली ती हिरवट-पिवळी चमकते. तुमच्या रंगद्रव्याचा प्रकाश ५२० नॅनोमीटरच्या आसपास असेल तर त्या चमकेत तो बुडून जाईल. युरोपियमसारखं मूलद्रव्य वापरून यातून वाट निघते: त्याचा प्रकाश लाल, ६१५ नॅनोमीटरला, आणि तो मिलिसेकंदाच्या जवळपास रेंगाळतो, तर लघवीची स्वतःची चमक काही नॅनोसेकंदांत विझते. दिव्याचा झोत बंद करून क्षणभर थांबायचं आणि मग मोजायचं.

रामन पद्धतीबद्दल थोडंच. रेणूवरून विखुरताना प्रकाशाचा रंग किंचित बदलतो, त्यावरून रेणू ओळखायचा. २८ फेब्रुवारी १९२८ चा तो शोध. १९७४ मध्ये खडबडीत चांदीवर तोच संकेत कितीतरी पटींनी वाढलेला दिसला. रेणूचा थेट ठसा मिळतो, अँटिबॉडी लागत नाही. पण चांदीवर युरिक आम्ल आणि क्रिएटिनिन आधी जाऊन बसतात, आणि एका बॅचच्या कणांवर मिळालेला आकडा दुसऱ्या बॅचवर जुळत नाही. नमुना आधी शुद्ध केल्याशिवाय हात लावू नका.

आणि ‘ऑप्टिकल’ या शब्दाने दिपून जायचं कारण नाही. लघवीतल्या मॉर्फिनसाठी एमिट नावाची, अँटिबॉडी आणि विकर वापरणारी तपासणी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे. तिच्या आजच्या रूपात विकराच्या क्रियेने एनएडीएच हा पदार्थ तयार होतो आणि तो ३४० नॅनोमीटरला मोजतात, म्हणजे ज्या प्रकाशावर आम्ही रोज यकृताची एसजीपीटी तपासणी करतो त्याच प्रकाशावर. तुमचा सेन्सर या जुन्या पद्धतीपेक्षा नेमकं काय जास्त देतो, हा प्रश्न तोंडी परीक्षेत मी तरी विचारेन.

आता ‘ओपिऑइड’ म्हणजे एकच औषध नव्हे, हे केंद्राच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. मॉर्फिनच्या पट्टीला मॉर्फिन, कोडीन, हेरॉइन दिसतं. ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, फेंटानिल, मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन दिसत नाही, त्यांची रचनाच वेगळी किंवा पुरेशी वेगळी आहे. व्यसनावर उपचार म्हणून ब्युप्रेनॉर्फिन चालू असलेला रुग्ण गोळी खरंच घेतो का, हे मॉर्फिनच्या पट्टीवरून कळणार नाही. त्याची पट्टी वेगळी, कटऑफ १० नॅनोग्रॅमच्या आसपास. ट्रॅमाडॉलच्या कॅप्सूल मुठीने खाणारा मुलगा मॉर्फिनच्या पट्टीवर स्वच्छ दिसतो, आणि आईवडील सुटकेचा श्वास टाकतात. ही चूक मी एकापेक्षा जास्त घरांत पाहिली आहे, आणि दर वेळी वाईट वाटलं आहे.

उलट बाजूने, पॉझिटिव्ह म्हणजे व्यसन असंही नाही. खोकल्याच्या कोडीनयुक्त औषधाने मॉर्फिन पॉझिटिव्ह येतं, आणि ते खोटं नसतं, कारण कोडीनचा काही भाग शरीरातच मॉर्फिन होतो. बार्शीला कॅन्सरचं जुनं रुग्णालय आहे. वेदनेसाठी तोंडाने मॉर्फिन घेणारे रुग्ण आपल्या जिल्ह्यात आहेत आणि त्यांनी ते घ्यायलाच हवं. खसखशीत थोडं मॉर्फिन असतं. दिवाळीचे अनारसे, बाळंतिणीचे डिंकाचे लाडू हे काही संशयाचे पदार्थ नव्हेत, पण ३०० च्या कटऑफवर खसखस पॉझिटिव्ह देऊ शकते. याच कारणाने अमेरिकेत नोकरीच्या तपासण्यांसाठी १९९८ मध्ये कटऑफ ३०० वरून २००० केला गेला. जुलाबावर सर्रास दिलं जाणारं ऑफ्लॉक्सासिन आणि त्याचं भावंड लिव्होफ्लॉक्सासिन काही इम्युनोअ‍ॅसेमध्ये, म्हणजे अँटिबॉडीवर चालणाऱ्या तपासण्यांमध्ये, खोटं पॉझिटिव्ह देतात. टीबीवरचं रिफाम्पिसिनही देतं, आणि त्याचा आणखी एक त्रास तुम्हाला होईल: ते घेणाऱ्या रुग्णाची लघवी नारिंगी असते. रंगावर चालणारा कुठलाही सेन्सर या रुग्णाकडे बघताना गोंधळणार. चाचणीच्या नमुन्यांत अशा दोन-तीन लघव्या मुद्दाम ठेवा.

सोलापूरचा उन्हाळा हा वेगळाच विषय. पट्ट्यांच्या पाकिटावर २ ते ३० अंश लिहिलेलं असतं आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ च्या वर. कुरियरच्या गाडीत दोन दिवस पडलेली अँटिबॉडी काय करेल याची मी हमी देणार नाही. अ‍ॅप्टामर म्हणजे डीएनएचा तुकडा. तापवून थंड केला तर तो बहुधा पुन्हा घडी घालून कामाला लागतो. आपल्या हवेसाठी हा त्याच्या बाजूचा मोठा मुद्दा आहे, आणि इथल्या विद्यार्थ्याने तो तपासून लिहायला हवा.

उन्हाचा दुसरा परिणाम लघवीवर होतो. यंत्रमागाच्या शेडमध्ये दिवसभर घाम गाळणाऱ्या माणसाची लघवी घट्ट, तर दोन तांबे पाणी पिऊन आलेल्याची पातळ. समजा पहिल्यात मॉर्फिन ४०० नॅनोग्रॅम आणि क्रिएटिनिन २५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. दुसऱ्यात मॉर्फिन १६० आणि क्रिएटिनिन ४०. पट्टी म्हणेल पहिला पॉझिटिव्ह, दुसरा निगेटिव्ह. क्रिएटिनिनने भागा: पहिल्यात एका मिलिग्रॅममागे १६०, दुसऱ्यात ४००. चित्र उलटलं! म्हणून सेन्सरच्या शेजारी क्रिएटिनिनचा कप्पा हवाच. ते २० च्या खाली असेल तर नमुना पातळ आहे असं समजून पुन्हा घ्यायचा. आणि नमुना हातात येताच तापमान बघायचं. चार मिनिटांच्या आत ते ३२ ते ३८ अंशांत असायला हवं.

केंद्रात वापरता येईल का? पहिल्या चाळणीसाठी, हो. कुणाला काढून टाकण्यासाठी, पोलिसांना देण्यासाठी, घरात भांडण लावण्यासाठी, नाही. त्यासाठी एलसी-एमएस किंवा जीसी-एमएस या रेणू वेगळे करून वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रांवर खात्री करावी लागते, आणि सोलापुरातून आम्ही नमुना बाहेरच्या मोठ्या लॅबला पाठवतो, काही दिवस थांबतो. ते दिवस रुग्णाला निर्दोष धरायचं. आणि बेशुद्ध, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास मंद, असा रुग्ण कॅज्युअल्टीत आला तर कुठल्याही सेन्सरची वाट बघायची नसते. श्वास सांभाळायचा, ओपिऑइडवरचा उतारा म्हणून नॅलोक्झोन द्यायचं. लघवीची तपासणी मागाहून.

कायद्याचं मार्गदर्शकांशी आजच बोला. मॉर्फिन एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहेच, ट्रॅमाडॉलही एप्रिल २०१८ पासून आहे. परवानगीशिवाय पावडर मागवायची नाही, मित्राच्या मेडिकलमधून कॅप्सूल आणायची तर अजिबात नाही. माणसांचे नमुने घ्यायला नीतिसमितीची मंजुरी लागेल. तिला वेळ लागतो, म्हणून अर्ज आधी करा.

मंजुरी आली की पहिले दोन आठवडे औषधाला हात लावू नका. ओपिऑइड न घेणाऱ्या तीस माणसांच्या लघव्या घ्या: सकाळच्या, दुपारच्या, उपाशीपोटीच्या, बी-कॉम्प्लेक्सवाल्या, मधुमेहींच्याही थोड्या. प्रत्येकीचा सामू, गुरुत्व, क्रिएटिनिन, रंग वहीत लिहा आणि मग त्या सगळ्या तुमच्या सेन्सरवर तशाच टाकून बघा. त्या तीस आकड्यांची सरासरी आणि त्यांच्या प्रमाण विचलनाची तिप्पट, यांवर तुमची खरी मोजमर्यादा ठरेल. बफरवर काढलेली नव्हे. ते तीस आकडे आले की मला पाठवा. सोनं की एसपीआर, ते आपण त्या कागदावर बघून ठरवू.